एकोणीस नंबरचा शाळू

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास भामाबाईंनी एकोणीस नंबरच्या शाळूचं पहिलं ताट दोन्ही हातांनी धरलं, कंबरेत वाकून हिसका दिला, आणि ताट आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. मग ताटाकडे बघायचं सोडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बांधावर वही घेऊन उभी होते.

तिसऱ्या हिसक्याला ते आलं, मुळाशी भलंमोठं ढेकूळ घेऊन. भामाबाईंनी ते पायावर आपटून माती झाडली आणि ताट खाली टाकलं.

"प्रांजल, ह्ये काय पेरलंयस गं? शाळू हाय का बाभळ?"

टोळीतल्या बाया हसल्या. शेजारच्या पातीवर, तिच्या वाट्याच्या ओळींवर, माझी आई होती, सुलाबाई. ती हसली नाही. तिनं पदर खोचला आणि आपलं पहिलं ताट धरलं.

आमच्या कवठे महांकाळकडच्या कोरड्या पट्ट्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापत नाहीत, उपटतात. ताट, म्हणजे अख्खा धांडा, मुळासकट वर येतं, मग कणीस खुडायचं, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. माझा जन्म इथला, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि एवढी साधी गोष्ट मी चार वर्षं विसरले. शिकलेलं माणूस किती बावळट असू शकतं याचा नमुना बघायचा असेल तर त्या सकाळी बांधावर यायला हवं होतं.

मी साताऱ्याजवळच्या एका संशोधन केंद्रात पिकांची ताकद मोजते. वाऱ्यानं पीक का पडतं, ताट कुठल्या पेरावर मोडतं, मुळासकट कधी उलथतं, याचं एक अख्खं शास्त्र आहे. इमारत बांधणारा खांबाचा हिशेब करतो तसा आम्ही ताटाचा करतो: जाडी किती, आत भेंड, म्हणजे मऊ गर, किती, वर कणीस किती जड, खाली मुळं किती पसरलेली. माझ्याकडे लोखंडी दांड्यावर बसवलेला एक काटा आहे. तो ताटाला लावून ढकलायचं, ताट ठरावीक कोनात वाकलं की किती किलोचा जोर लागला ते तो दाखवतो. चार वर्षांत मी अकरा हजार ताटं ढकलली. काटा उलटा करून हूक लावला तर ओढही मोजता येते. तो हूक चार वर्षं डब्यात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा निघाला नव्हता.

ढकलून ढकलून निवडलेला वाण म्हणजे एकोणीस नंबर. त्याची मुळं बुंध्यापासून चौफेर फाकतात आणि जमीन धरून बसतात. महिन्यापूर्वी, जानेवारीत, दाणे भरायच्या वेळी, अवकाळी आला. रात्रभर वारा आणि पाऊस. सकाळी माझ्या मामांचा, बाळासोमामांचा फोन आला. प्रयोगाचं रान त्यांचंच, इथलं हे पहिलंच साल; आधी केंद्रातल्या रानात तो कोयत्यानंच कापला जायचा. शेजाऱ्यांचा सगळा शाळू झोपला होता, त्यांचा स्वतःचा जुना शाळूही झोपला होता. मामा म्हणाले, "पोरी, तुजा एकोनीस तेवडा हुबा हाय." मी सातारच्या स्टँडवर होते. तिथंच बाकावर बसून रडले, आणि शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

म्हणून गुरुवारी समिती यायची होती. वाण डोळ्यांसमोर उपटून घेणार, दाणा आणि कडबा तोलणार, आणि पसंत पडला तर पुढच्या हंगामात तो सगळ्या कोरड्या तालुक्यांत जाणार. माझी जागा तात्पुरती, मार्चअखेर संपणारी. वाण मंजूर झाला तर ती कायम होईल असं आमच्या साहेबांनी, धैर्यशील सरांनी, शब्द देऊन सांगितलं होतं. मला ते हवं होतं. उगाच साळसूदपणा कशाला, फार हवं होतं.

बुधवारची टोळी म्हणजे नुसती तयारी होती. कडेच्या ओळी काढून रान मोकळं करायचं, एवढंच काम. दहा वाजेपर्यंत सहा बायांनी मिळून जेमतेम दीड ओळ काढली. पावसानंतर महिनाभर ऊन पडून जमीन सिमेंटसारखी आवळली होती, आणि एकोणीस नंबर तिला सोडायला तयार नव्हता. अकराला दोघींनी हाताला फडकी गुंडाळली. बाराला भामाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. जुना शाळू वाऱ्यानं पडतो हे खरं. पण पडलेला शाळू गोळा करता येतो. हा उभा शाळू कोण काढणार? मी म्हणाले की जमीन जरा जास्तच वाळली आहे. त्यावर त्या म्हणाल्या की दर साली काढणीला जमीन वाळलेलीच असते, हे तुला ठाऊक नसंल तर तुज्या आईला इचार.

मी सरांना फोन लावला. धैर्यशील सर माणूस भला, हुशार, माझ्यासाठी भांडणारा. पण ते कडेगावचे, घरचा ऊस. उसाच्या माणसाला पीक काढायचं म्हणजे कोयता मारायचा. ते म्हणाले, "अगं, मग कापून घ्या की. त्यात काय एवढं?"

हे मी मामांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. कापलं की बोटभर धसकट जमिनीत उभं राहतं, टोकदार. काढणी झाली की याच रानात मेंढ्या बसवायच्या होत्या. रात्रभर कळप बसतो, रानाला खत मिळतं, पिढ्यान्‌पिढ्या आमचं असंच चालतं. धसकटांवर बसून मेंढीचं पोट फाटतं, खुरात टोक शिरतं. मामा एवढंच म्हणाले, "त्यो ऊस न्हाई, बाय." मला त्यांच्या समोरून पळून जावंसं वाटलं.

त्या दुपारी मी एका जागी बसले नाही. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. मामी जेवायला बोलावत होती, मी गेले नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: हे मला सुचलं कसं नाही?

उत्तर मला माहीत होतं, म्हणून तर राग येत होता. मी आयुष्यात शाळूचं एकही ताट उपटलेलं नाही. नऊ वर्षांची असताना एकदा आईच्या पातीवर जाऊन हौसेनं ताट धरलं होतं. आईनं माझ्या हातावर चापट मारली होती, चांगली वळ उठेल अशी. "ह्येला हात लावायचा न्हाई," म्हणाली. दुसऱ्या वर्षी मला साताऱ्याला वसतिगृहात ठेवलं. शाळूच्या दिवसांत घरी यायचं नाही, परीक्षा असते, अभ्यास कर, हे तिनंच ठरवलेलं. तिनं माझे हात वाचवले, आणि त्या वाचलेल्या हातांनी मी हे करून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी आई म्हणाली, भाकरी तू कर. माझ्या आईनं दुसऱ्या कुणाला पीठ मळायला सांगितलं असं मी पाहिलेलं नाही. मी तिला हात दाखव म्हटलं. ती म्हणाली, हाताला काय झालंय. मी मनगट धरून हात उलटा केला. बोटांच्या मुळाशी कातडं निघालं होतं, चार ठिकाणी, आणि तिथं तिनं हळद दाबली होती.

मी म्हणाले की उद्या सरांना सगळं सांगते. तिनं हात सोडवून घेतला.

"सांगायचं न्हाई. चार वरीस घासलीस. उद्या म्या वढते. येका दिसाचा तर खेळ हाय."

"आणि नंतर? लोक पेरतील तेव्हा?"

"नंतरचं नंतर. आदी तुजं हू दे."

मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण मी खरंच गप्प बसले. मनात म्हटलं, एकच दिवस आहे. मंजूर झाला की मग काहीतरी सुधारू, ओल असताना काढायला सांगू, एखादं अवजार करू. माणूस स्वतःशी जे जे बोलतं ते सगळं मी बोलले. झोप लागली नाही. पहाटे केव्हातरी डोळा लागला आणि उठले तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं.

समिती दहाला आली. चार जण आणि धैर्यशील सर. अध्यक्ष सत्तरीकडे झुकलेले, डोक्याला पांढरा रुमाल, फार न बोलणारे. रानात शिरल्यावर त्यांनी आधी शेजारचं रान बघितलं, जिथं अवकाळीनं आडवा झालेला शाळू अजून तसाच होता. मग एकोणीस नंबरसमोर येऊन त्यांनी मान डोलावली. सर माझ्याकडे बघून हसले.

आईनं पहिली ओळ धरली. भामाबाई आणि आणखी दोघी मागं होत्या, बाकीच्या बांधावर थांबल्या होत्या. आईनं वाकून हिसका दिला आणि ताट आलं. एका हिसक्यात. दुसरं आलं, तिसरं आलं. ती झपाझप पुढं सरकत होती आणि मागच्या बाया पेंढ्या टाकत होत्या. मी डोळे फाडून बघत राहिले. काल याच शेतानं तिची सालटी काढली होती.

अध्यक्षांनी विचारलं, "मावशी, उपटायला जड जातं का?"

"न्हाई सायेब. सोपं हाय," आई म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. उपटायला लागणारा जोर मोजलाय का, असं त्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न साधा होता, त्यात काही खोच नव्हती. मी उत्तर देण्याआधीच सर म्हणाले, "आता मोजून दाखव की. काटा आहेच." त्यांना त्या काट्याचा अभिमान होता.

मी पिशवी फाडून हूक काढला. काटा उलटा करून बसवला, आईच्या पुढच्या ताटाच्या बुंध्याशी दोरीचा फास घातला, दुसऱ्या टोकाची मूठ आईच्या हातात दिली. तिनं ओढलं. ताट अलगद वर आलं आणि काटा नऊवर थांबला.

नऊ किलो. जुना शाळू सोळा ते अठराला येतो हे सरांनी जुन्या अहवालांतून वाचलेलं होतं. ते मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे निम्म्या जोरात. आणि वाऱ्यात उभा." अध्यक्ष पहिल्यांदा हसले. मी वहीत लिहिलं: नऊ.

लिहिता लिहिता मी खाली बघितलं. ताटांच्या बुंध्याशी माती भुसभुशीत होती आणि वरून हातानं सारखी केलेली. पुढच्या ताटाशीही तसंच. दोन ओळी, शेवटपर्यंत. आईच्या नखांत माती होती आणि पाठीमागं, पदराखाली, कंबरेला खुरप्याची मूठ दिसत होती. पहाटे उठून तिनं दोन ओळींतल्या एकेका ताटाची मुळं खुरप्यानं तोडून ठेवली होती. सालटं निघालेल्या हातांनी.

आमची नजरानजर झाली. मला कळलंय हे तिला कळलं. तिनं खुरप्यावरचा पदर नीट केला.

खरं सांगते, त्या क्षणी मला आईचा भयंकर राग आला. आणि तिला मिठी मारावीशी वाटली. वहीत नऊ लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात, तारखेसकट. कुणी मला काही विचारत नव्हतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी सगळं झालं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं दुसऱ्याच बाया यायला लागल्या, जतच्या, आटपाडीच्या, माणच्या, ज्यांच्याकडे पहाटे उठून खुरपं घेणारं कुणी नाही, आणि ज्यांच्या मुलींचं यात काही अडकलेलं नाही. त्या पहिलं ताट धरतील आणि ते येणार नाही.

मी म्हणाले, "सर, हा आकडा खोटा आहे." मी बुंध्याशी बोट दाखवलं. "या दोन ओळी मोकळ्या केलेल्या आहेत. तिसऱ्या ओळीत मोजू या."

सरांना वाटलं मी चेष्टा करते आहे. आई पुढं आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "गप बस, पोरी." मी तिसऱ्या ओळीतल्या ताटाला फास घातला आणि मूठ तिच्यापुढं धरली.

ती मूठ घ्यायला तयार नव्हती. सगळे बघत होते. मग तिनं ती घेतली, पाय रोवले आणि ओढलं. माझ्या आईला मी ओळखते. त्या घडीला तिच्या मनात मला खोटं पाडायचं होतं, ताट उपटून काढून सगळ्यांना दाखवायचं होतं की पोरगी उगाच बोलते. तिच्या मानेच्या शिरा वर आल्या. काटा वीसवर गेला, चोवीसवर गेला, सव्वीसला थांबला आणि तिथंच थरथरत राहिला. ताट आलं नाही. मुठीवर रक्त लागलं होतं. मी तिच्या हातातून काटा काढून घेतला.

मामांनी आणि सरांनी मिळून ओढलं तेव्हा ते ताट एकतीसला आलं. मी नऊवर काट मारली, आईचा सव्वीस लिहिला आणि त्याखाली एकतीस.

पुढचं पटापट झालं. अध्यक्षांनी वाईट शब्द काढला नाही. जिथं कापणी होते तिथं या वाणाचा विचार करू, इथल्यासाठी नाही, असं म्हणून त्यांनी फाईल मिटली. जाताना आईपुढं थांबून त्यांनी हात जोडले आणि ती भलतीकडे बघत राहिली. सर गाडीत बसताना एवढंच म्हणाले, आधी मला तरी सांगायचंस. त्यांचं बरोबर होतं. मार्चअखेरचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही.

गाडी गेली तरी रान तसंच उभं होतं. सोमवारी कळप यायचा होता, त्यामुळे शाळू काढणं भाग होतं. भामाबाईंनी चहा पिऊन झाल्यावर फडकी पुन्हा गुंडाळली. मी आईच्या शेजारची पात धरली. ती मला हो म्हणाली नाही की नको म्हणाली नाही.

पहिलं ताट माझ्याकडून हललंसुद्धा नाही. तिनं तिरक्या नजरेनं ते बघितलं. मग तिचा राग बाहेर आला.

"चार मानसांत माजी ताकद मोजलीस."

"आई, मला तुझी ताकद नव्हती मोजायची. शाळूची मोजायची होती."

"मोजलं कुनाला? मलाच न्हवं?"

मी पुन्हा ताट धरलं. तिनं आणखी दोन ताटं काढली, एकदा इकडं वाकवून, एकदा तिकडं वाकवून, मग हिसका. प्रत्येक ताटाला तिचा श्वास फुलत होता. तीनच्या सुमारास ती बांधावर बसली, पाणी प्याली आणि माझ्या पिशवीकडे हात दाखवला.

"त्यो काटा आन."

मी आणला. मला वाटलं फेकून देईल.

"सकाळचा आकडा लिवलास. ह्यो कोन लिवणार?"

तिनं स्वतःच फास एका ताटाला घातला. पाय रोवले, सकाळी रोवले होते तसेच, आणि सगळा जोर लावून ओढलं. तिनं काही राखून ठेवलं नाही हे मला दिसत होतं. काटा चौदावर थांबला.

"किती?"

"चौदा."

"लिव."

मी लिहिलं. येळही लिव, म्हणाली, म्हणून वेळही लिहिली: तीन वाजून दहा मिनिटं. मग भामाबाई आल्या, त्यांनी ओढलं, तेरा. बाकीच्या बाया आपल्या आपण रांगेत उभ्या राहिल्या. बारा, पंधरा, अकरा, बारा. त्या एकमेकींचे आकडे विचारत होत्या, चिडवत होत्या, आणि मी लिहीत होते. शेवटी आईनं मूठ माझ्या हातात दिली. माझा नऊ आला आणि सगळ्या मनसोक्त हसल्या, आईसुद्धा.

बाया पातीवर परत गेल्या तरी मी वही धरून उभीच होते. पानावर सगळे आकडे एकाखाली एक होते आणि वरच्या कोपऱ्यात सकाळी मीच लिहून ठेवलेलं होतं: जुना शाळू, सोळा ते अठरा. मी ते दोनदा वाचलं. चौदा आणि अठरा. म्हणजे एकोणीस नंबरचं सोडाच. जुना, चांगला, सोपा म्हणतात तो शाळूसुद्धा दुपारनंतर आईच्या ताकदीच्या बाहेरचा होता, आणि तो ती तीस वर्षं उपटत आली होती, रोज, दिवस मावळेपर्यंत.

मी तिच्या पातीवर गेले आणि विचारलं, "आई, दुपारनंतर कशी काढायचीस गं तू?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. तिनं पुढचं ताट धरलं.

"वढायचं की. न्हाई तर काय करायचं?"

मी वही पिशवीत ठेवली आणि ते ताट तिच्या हातांखाली धरलं. या वेळी तिनं माझ्या हातावर मारलं नाही. इकडं वाकव, म्हणाली, आता तिकडं.